व्हर्न आणि वेल्स यांचे अंदाज खरे कसे ठरले?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: ज्यूल व्हर्नने चंद्रावरची मोहीम शंभर वर्षं आधी लिहिली, एच. जी. वेल्सने अणुबॉम्ब तीस वर्षं आधी लिहिला. मग या मंडळींकडे काही पद्धत होती की नशिबाने नेम लागला? आणि तुम्ही स्वतः पन्नास वर्षं पुढची, घरातली सगळी कामं यंत्रं करतात अशा काळातली कथा लिहायला घेतली आहे, तर ती पद्धत आज तुम्हाला वापरता येईल का?

मी तीस वर्षं विज्ञानकथा लिहितो आहे आणि जुन्या विज्ञानकथा त्याहून जास्त काळ वाचतो आहे. हा प्रश्न मलाही सुरुवातीला असाच पडायचा. पुढे लक्षात आलं की यात दोन गोष्टी एकत्र झाल्या आहेत: निकाल जुळणं आणि विचार बरोबर असणं. कधी निकाल जुळतो पण त्यामागचा विचार साफ चुकलेला असतो. कधी विचार पक्का असतो आणि तपशील कुठेच जुळत नाही. लिहिणाऱ्याच्या कामाचा असतो तो विचार. म्हणून कुठलाही गाजलेला ‘अंदाज’ समोर आला की मी आधी एवढंच शोधतो की त्या वर्षी या माणसाच्या टेबलावर काय काय पडलेलं होतं.

आधी नशिबाचा भाग वेगळा काढू. जोनाथन स्विफ्टच्या १७२६च्या ‘गलिव्हर्स ट्रॅव्हल्स’मध्ये लापुटा बेटावरचे खगोलशास्त्रज्ञ मंगळाला दोन चंद्र असल्याचं सांगतात. आसफ हॉलला ते दोन चंद्र दुर्बिणीतून दिसले १८७७ साली. वाचून अंगावर काटा येतो. पण मागे जाऊन पाहा. १६१० साली गॅलिलिओने शनीबद्दलचा आपला एक शोध अक्षरांच्या कोड्यात लपवून कळवला होता. केप्लरने ते कोडं चुकीचं सोडवलं आणि त्यातून ‘मंगळाला दोन चंद्र आहेत’ असा अर्थ काढला. त्याला तो लगेच पटलाही, कारण पृथ्वीला एक चंद्र, गुरूचे तेव्हा माहीत असलेले चार, म्हणजे मधल्या मंगळाला दोन, असा सरळ हिशेब बसत होता. आज गुरूचे नव्वदहून जास्त चंद्र माहीत आहेत, त्यामुळे तो हिशेब कोसळतो. स्विफ्टला ही कल्पना तिथूनच मिळाली असावी. निकाल जुळला, विचार मात्र चुकीचा होता. यातून शिकण्यासारखं फारसं काही नाही.

आता याच्या शेजारी मॉर्गन रॉबर्टसनला ठेवा. त्याने १८९८ साली ‘टायटन’ नावाच्या अजस्र जहाजाची गोष्ट लिहिली. ते एप्रिल महिन्यात उत्तर अटलांटिकमध्ये हिमनगाला धडकून बुडतं आणि त्यावर पुरेशा जीवनरक्षक होड्या नसतात. टायटॅनिक बुडालं १९१२च्या एप्रिलमध्ये. जहाजाचं नाव आणि महिना हा योगायोग आहे, ते सोडून देऊ. पण होड्या? रॉबर्टसनने व्यापारी जहाजांवर कित्येक वर्षं काढली होती. जहाजं दरवर्षी मोठी आणि वेगवान होत होती. होड्यांबद्दलचा ब्रिटिश नियम मात्र जहाजाच्या टनेजवर, म्हणजे आकारमानावर, चालायचा आणि त्यातली सर्वांत वरची पायरी होती दहा हजार टनांची. टायटॅनिक होतं शेहेचाळीस हजार टनांचं, तरी नियमाच्या दृष्टीने त्यावर होड्या पुरेशा होत्या. तंत्र पुढे गेलंय आणि नियम मागे राहिलाय, ही फट समुद्रावर वावरलेल्या माणसाला दिसत होती. नवी कथा सुरू करताना मी हीच फट शोधतो. त्या विषयातल्या बातम्यांपेक्षा मी त्यातले नियम, पेटंटचे अर्ज आणि दुरुस्ती करणाऱ्यांच्या तक्रारी जास्त वाचतो. बातमीत काय नवं आलं एवढंच कळतं. नियम वाचले की कुठे मोडणार आहे ते दिसायला लागतं.

व्हर्नकडे वळू. ‘पृथ्वीवरून चंद्रावर’ ही कादंबरी १८६५ची, तिचा पुढचा भाग १८७०चा. फ्लोरिडातून एका प्रचंड तोफेने डागलेलं, तीन माणसांना घेऊन निघालेलं यान चंद्राला वळसा घालतं आणि परत येऊन पॅसिफिक महासागरात पडतं. १९६८च्या डिसेंबरमध्ये अपोलो ८ हे यान जवळजवळ असाच प्रवास करून आलं. लोक इथे थांबतात आणि हात जोडतात. मला त्याने हे कसं ठरवलं ते पाहण्यात जास्त रस आहे. त्याला चंद्र बरोबर डोक्यावर येईल अशी जागा हवी होती, म्हणजे २८ अंश अक्षांशाच्या खालची. आणि तोफ डागणारा क्लब अमेरिकी असल्याने जागाही अमेरिकेच्या हद्दीतच हवी होती. उरतात टेक्सस आणि फ्लोरिडा, आणि कादंबरीत या दोघांमध्ये चक्क भांडण लागतं. नासाने फ्लोरिडा निवडलं त्याची कारणं वेगळी: पृथ्वीच्या फिरण्याचा वेग तिथे जास्त मिळतो आणि पूर्वेला मोकळा समुद्र आहे. कारणं निराळी असली तरी दोघांनीही नकाशा समोर ठेवून आपापल्या अटी एकेक करून लावल्या आणि उरली ती जागा घेतली. व्हर्नचं यान ॲल्युमिनियमचं होतं. हा धातू तेव्हा महाग होता, पण तो मोठ्या प्रमाणावर काढायची रीत नुकतीच बसू लागली होती. हलका, मजबूत, आज महाग पण उद्या स्वस्त होणारा, असा विचार त्याने केला. यानाचा वेग त्याने धरला सेकंदाला सुमारे अकरा किलोमीटर, म्हणजे पृथ्वी सोडायला लागतो जवळजवळ तेवढाच.

आणि त्याच्या चुकाही तितक्याच शिकवणाऱ्या आहेत. त्याची तोफ ९०० फूट लांब. एवढ्याशा अंतरात तो वेग गाठायचा तर आतल्या माणसांवर गुरुत्वाकर्षणाच्या वीस हजार पटींहून जास्त जोर येईल. व्हर्नला धक्क्याचा प्रश्न कळला होता, त्यासाठी त्याने यानाच्या तळाशी पाण्याची गादी ठेवली, पण गणित तो सोडवू शकला नाही. कथा हवी होती आणि त्या काळात वेग म्हणजे तोफ. वजनरहित अवस्थाही त्याने फक्त पृथ्वी आणि चंद्र यांच्या ओढी समसमान होतात त्या एका बिंदूपुरती दाखवली. खरं तर इंजिनाशिवाय नुसतं वाहत जाणाऱ्या यानात ती सगळ्या प्रवासभर असते.

पाणबुडीचं श्रेयही लोक व्हर्नला देतात, त्याच्या कादंबरीतल्या कॅप्टन निमोच्या ‘नॉटिलस’मुळे; ते नीट तपासायला हवं. ‘नॉटिलस’ नावाची पाणबुडी रॉबर्ट फुल्टनने १८००मध्येच बांधली होती. फ्रेंच नौदलाची ‘प्लाँजर’ १८६३ साली पाण्यात उतरली आणि तिचा नमुना व्हर्नने १८६७च्या पॅरिसच्या प्रदर्शनात पाहिला. त्याच्या आधी पाणबुडी होती, पण ती कोंदट, धोक्याची आणि कशीबशी चालणारी होती. व्हर्नने विचारलं, ही नीट चालू लागली तर तिच्यात कोण राहायला जाईल? आणि उत्तर दिलं, जमिनीवरच्या सत्तांशी संबंध तोडलेला माणूस. त्याने वाचकाला पाणबुडीपेक्षा कॅप्टन निमो जास्त दिला, आणि तो आज दीडशे वर्षांनीही जुना झालेला नाही.

एडवर्ड एव्हरेट हेल यांची १८६९ची ‘द ब्रिक मून’ फार कमी लोक वाचतात याचं मला मनापासून वाईट वाटतं. विटांचा एक पोकळ गोळा पृथ्वीभोवती फिरत ठेवायचा, म्हणजे समुद्रावरच्या खलाशांना त्याच्याकडे बघून आपला रेखांश काढता येईल, अशी ती कल्पना. विटा का, तर हवेच्या घर्षणातून निर्माण होणारी उष्णता विटा सोसतात. वर पाठवायला प्रचंड फिरती चाकं. उडवण्याची रीत अशक्य, साहित्य विचित्र, आणि तरीही उपयोग अचूक: दिशादर्शनासाठी कृत्रिम उपग्रह. पहिला कृत्रिम उपग्रह १९५७मध्ये गेला आणि जहाजांना ठिकाण सांगणाऱ्या ट्रान्झिट उपग्रहांपैकी पहिला १९६०मध्ये कक्षेत पोहोचला. हेलने यंत्रापासून सुरुवात केली नाही. रेखांश नीट न कळल्याने जहाजं बुडतात, या जुन्या दुखण्यापासून केली. यंत्रं बदलतात, दुखणी फार सावकाश बदलतात, म्हणून दुखण्यावर बेतलेली कल्पना जास्त टिकते.

वेल्सबद्दल सविस्तर बोलायलाच हवं, कारण तुम्ही विचारलेली ‘पद्धत’ मला सर्वांत स्पष्ट त्याच्याकडे दिसते. १९०३च्या ‘द लँड आयर्नक्लॅड्स’ या कथेत त्याने खंदकांवरून चालणारे पोलादी किल्ले रंगवले. रणगाडे प्रत्यक्ष रणांगणात उतरले १५ सप्टेंबर १९१६ला, पहिल्या महायुद्धातल्या सोमच्या लढाईत. कथेतल्या यंत्रांची चाकं डिप्लॉक नावाच्या एका खऱ्या अभियंत्याच्या पेडरेल चाकांवरून, म्हणजे कडेला पाय जोडलेल्या चाकांवरून, घेतली होती आणि वेल्सने कथेत त्याचं नावही घेतलं आहे. अणुबॉम्बचंही तसंच. फ्रेडरिक सॉडी या रसायनशास्त्रज्ञाचं रेडियमवरचं पुस्तक १९०९ साली आलं. अणूच्या पोटात प्रचंड ऊर्जा आहे आणि ती आपोआप, पण अतिशय मंद गतीने बाहेर पडते, असं त्यात सांगितलं होतं. वेल्सने विचारलं, ही गती कोणी वाढवली तर? त्या एका प्रश्नातून १९१४ची ‘द वर्ल्ड सेट फ्री’ निघाली आणि ती त्याने सॉडीच्या पुस्तकालाच अर्पण केली.

तपशील पाहिले तर बॉम्ब विचित्र आहे. तो एकदा फुटून संपत नाही, दिवसेंदिवस धगधगत राहतो, आणि उघड्या विमानातून माणूस तो हाताने खाली टाकतो. पण कादंबरीत युद्धाच्या आधी काय होतं ते बहुतेक वाचक विसरतात. अणूवर चालणारी इंजिनं स्वस्त होतात. कोळशावर जगणारे लाखो लोक रस्त्यावर येतात. अणुप्रक्रियेतून उपपदार्थ म्हणून सोनं निघू लागतं आणि सोन्यावर उभी असलेली नाणेव्यवस्था डळमळते. स्वस्त ऊर्जा म्हणजे सुबत्ता, अशी सरळ रेघ त्याने ओढली नाही. आज एखाद्या गोष्टीच्या दुर्मिळतेवर कोणाचं पोट चालतं, आणि ती विपुल झाली की तो माणूस कुठे जाईल, हे त्याने विचारलं. माझ्या मते त्याच्या सगळ्या लेखनातला हा सर्वांत मोठा धडा आहे, बॉम्बपेक्षाही मोठा.

अंदाज खरे ठरण्याचं आणखी एक कारण इथेच येतं. लिओ झिलार्ड या भौतिकशास्त्रज्ञाने ही कादंबरी १९३२मध्ये वाचली. १९३३च्या सप्टेंबरमध्ये नामवंत भौतिकशास्त्रज्ञ रदरफर्डने अणूतून ऊर्जा मिळवण्याच्या गप्पांना मूर्खपणा ठरवलं. झिलार्डने ते वर्तमानपत्रात वाचलं आणि लंडनमध्ये रस्ता ओलांडताना त्याला साखळी प्रक्रियेची, म्हणजे एका अणूतून पुढचे अणू फुटत जाण्याची, कल्पना सुचली. १९३४मध्ये त्याने पेटंटसाठी अर्ज केला आणि पुढे गुप्तता राहावी म्हणून ते ब्रिटिश नौदलाच्या हाती दिलं. या शोधाने काय घडू शकतं हे वेल्समुळे त्याला आधीच ठाऊक होतं. अग्निबाणांचीही अशीच गोष्ट आहे. रशियात त्सिओलकोवस्की आणि जर्मन भाषेत लिहिणारा ओबर्थ हे दोघे व्हर्न वाचून या विषयाकडे वळले, तर अमेरिकेत गोडार्ड वेल्सच्या ‘द वॉर ऑफ द वर्ल्ड्स’मधल्या मंगळवाल्यांमुळे. त्याच गोडार्डने १६ मार्च १९२६ला द्रवरूप इंधनाचा पहिला अग्निबाण उडवला. काही अंदाज खरे ठरले कारण ते वाचलेल्या मुलांनी मोठेपणी ते खरे करून दाखवले.

इथवरचं एकत्र घेतलं तर पद्धत अशी दिसते: प्रयोगशाळेत किंवा कार्यशाळेत आधीच असलेली, अजून धडपडणारी गोष्ट घ्यायची, ती नीट चालते असं एकदाच मानायचं, आणि मग तिच्यामुळे कोणाचं काय हलतं ते शेवटपर्यंत सोडायचं नाही. अंदाज किती जुळेल हे मात्र विषयावर अवलंबून आहे. भौतिकशास्त्राची चौकट घट्ट असलेल्या क्षेत्रात जुळण्याची शक्यता जास्त. आवडीनिवडी, कायदा आणि पैसा यांवर चालणाऱ्या क्षेत्रात फार कमी. किती वर्षं पुढचं लिहिता यानेही फरक पडतो. शिवाय आपल्यापर्यंत पोहोचली आहेत ती जुळलेली उदाहरणं. न जुळलेल्या शेकडो कथा कोणी परत छापत नाही.

चुका कुठे होतात याचाही एक नमुना आहे. विज्ञानकथा लेखक आर्थर क्लार्कने ऑक्टोबर १९४५मध्ये एका तांत्रिक लेखात मांडलं की सुमारे ३६ हजार किलोमीटर उंचीवर तीन स्थानकं ठेवली तर सगळ्या पृथ्वीवर प्रक्षेपण पोहोचवता येईल. १९६४मध्ये सिन्कॉम ३ उपग्रह त्याच उंचीवरच्या भूस्थिर कक्षेत गेला आणि आज ती कक्षा उपग्रहांनी भरली आहे. पण क्लार्कच्या स्थानकांवर माणसं राहत होती. का? रेडिओतले व्हॉल्व्ह, म्हणजे काचेच्या नळ्या, जळतात आणि ते बदलायला कोणीतरी हवं. त्यांची जागा घेणारा ट्रान्झिस्टर आला १९४७च्या डिसेंबरमध्ये. अवकाशातली कक्षा ज्याला अचूक दिसली, त्याला टेबलावरच्या रेडिओतली काचेची नळी जाईल असं वाटलं नाही. वेल्सनेही १९०१मध्ये विमान यशस्वी होईल, बहुधा १९५०च्या आधीच, असं लिहिलं आणि दोनच वर्षांत राइट बंधू उडाले. त्याच पुस्तकात त्याने पाणबुडीबद्दल असंही लिहिलं की ती आपल्या खलाशांना गुदमरवून बुडण्यापलीकडे काही करेल अशी कल्पनाच त्याला करवत नाही.

माझी एक कथा १९९६ साली छापून आली, काळ २०२०चा. घरोघरी भिंतीएवढे पडदे, त्यांवर लोक समोरासमोर बोलतात. कथेचा उत्कर्षबिंदू असा की मुलगी घराबाहेर पडते, गर्दीत हरवते आणि भाऊ तिला गाठू शकत नाही, कारण ती पडद्याजवळ नाही. मोबाइल फोन तेव्हा होते, मी ते पाहिलेही होते. तरीही बोलणं म्हणजे एका जागेहून दुसऱ्या जागेशी बोलणं ही समजूत माझ्यात इतकी मुरली होती की ती समजूत आहे हेच जाणवलं नाही. तेव्हापासून मसुदा झाला की मी एक काम न चुकता करतो. पात्रं विचार न करता जे करतात, म्हणजे दार उघडणं, पैसे देणं, वेळ पाहणं, कोणाला हाक मारणं, ते सगळं अधोरेखित करतो आणि प्रत्येक ठिकाणी विचारतो की हे तेव्हाही असंच का असेल. निम्म्या ठिकाणी उत्तर येतं, ‘असेलच.’ उरलेल्या निम्म्यात कथा सापडते.

आता समाजाबद्दल, कारण तुमची कथा घरातली आहे आणि तुम्हाला खरी गरज याचीच पडेल. यंत्रांच्या अंदाजात पुढे असलेले बहुतेक लेखक घरात शिरले की मागे पडले. त्यांच्या कथांत चंद्रावर वसाहत असते आणि स्वयंपाकघरात बाईच असते. अपवाद पाहायचा तर बंगाली लेखिका बेगम रोकेयांची १९०५ची ‘सुलतानाज् ड्रीम’ वाचा. विद्यापीठातल्या स्त्रिया सूर्याची उष्णता साठवतात, आकाशातून पाणी ओढून घेतात, आणि पुरुष मर्दान्यात पडद्याआड राहून घर सांभाळतात. आपला कामाचा दिवस दोन तासांचा आहे असं तिथली स्त्री सांगते. सौरऊर्जेसाठी या कथेचं कौतुक होतं, मला तिची मांडणी जास्त धीट वाटते. रोकेयांनी यंत्राच्या बरोबरीने त्या यंत्राभोवतीची माणसांची बैठक बदलली. ती बैठक निसर्गाने घालून दिलेली नाही हे त्यांना रोज सोसावं लागत होतं, म्हणून दिसत होतं. ज्यांना एखाद्या व्यवस्थेचा काच होतो त्यांना ती आधी दिसते. म्हणून मी लिहायला बसण्यापूर्वी त्या व्यवस्थेत सर्वांत खाली असलेल्या माणसांशी बोलतो.

‘रोबोट’ हा शब्दही आठवा. कारेल चापेकच्या १९२०च्या नाटकातून तो जगभर गेला, सुचवला त्याच्या भावाने, योसेफने, आणि त्याचं मूळ आहे चेक भाषेतल्या ‘रोबोटा’त, म्हणजे वेठबिगारीत. घरकाम करणारं यंत्र लिहिताना तुम्ही कोणाचीतरी वेठ लिहीत असता. आधी ती कोण करत होतं हे तुमच्या कथेला माहीत असायला हवं.

आणि ई. एम. फॉर्स्टरची १९०९ची ‘द मशीन स्टॉप्स’ लिहिण्याआधी जरूर वाचा. माणसं जमिनीखाली एकेकट्या खोल्यांत राहतात, हातातल्या तबकडीवर एकमेकांना पाहतात, हजारो लोकांना ओळखतात, व्याख्यानं देतात. मुलगा आईला म्हणतो, मला तू यंत्रातून नको, समोर हवीस. आईला ते अप्रशस्त वाटतं. तबकडीवर चेहऱ्यावरचे बारीक भाव पोचत नाहीत, तर लोकांनी ते भाव गरजेचेच नाहीत असं ठरवून टाकलं आहे. फॉर्स्टरसमोर टेलिफोनपेक्षा फारसं काही नव्हतं, तरी सोयीबरोबर माणूस कशाकशाची गरज सोडून देतो हे त्याने पाहिलं.

तुमच्या कथेसाठी एकच सुचवतो. ती यंत्र बिघडलेल्या दिवसापासून सुरू करून पाहा. कोणाला बोलावतात, तो यायला किती दिवस लावतो, तोवर जेवण करायला कोणाला येतं आणि ते काम न बोलता कोणाच्या अंगावर पडतं, हे पहिल्या चार पानांत लिहा. फॉर्स्टरच्या कथेत यंत्र एकदम बंद पडत नाही. आधी संगीतात खरखर येते, मग स्नानाच्या पाण्याला वास येऊ लागतो. लोक तक्रार करतात, तेव्हा कळतं की दुरुस्ती करणारं यंत्रच दुरुस्तीला आलं आहे. मग ते त्या वासाची सवय करून घेतात. तुमच्या घरातली माणसं कशाकशाची सवय करून घेतील, ते लिहून मला पाठवा, मी नक्की वाचेन.